वडिलांच्या पेटीतली मराठी हगादा परदेशी नेता येईल का?

प्रश्न : आम्ही ठाण्यातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, मी आणि धाकटा भाऊ. त्यांच्या पेटीत १८७४ साली पुण्यात छापलेली मराठी हगादा (पेसाह या ज्यू सणाच्या रात्री वाचायची पोथी), आजी-आजोबांचा १९३८चा हस्तलिखित केतुबा (ज्यू विवाहाचा करार) आणि पणजोबा विश्वस्त होते त्या रायगडमधल्या सिनेगॉगची (ज्यू प्रार्थनास्थळाची) जुनी नोंदवही सापडली. इस्राएलमध्ये अश्दोदला राहणारा भाऊ सध्या इथे आलाय. तिथल्या संग्रहालयाला द्यायला तो हे सगळं बॅगेतून नेणार आहे. वस्तू इथल्याच संग्रहालयात द्याव्यात असं मला वाटतं. काय करावं?

उत्तर : ताई, आधी भावाला थांबवा. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी, धर्म-साहित्य-चालीरीतींची साक्ष देणारी वस्तू पुरावशेष ठरते. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला आणि दस्तऐवजाला पंच्याहत्तर वर्षं पुरतात. त्यामुळे केतुबाही यात येऊ शकतो. पुरावशेषाची निर्यात फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्थाच करू शकते. विमानतळावर सापडल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. ‘घरचीच वस्तू आहे’ हा बचाव टिकत नाही. शंका असेल तर निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा, आणि तो अंतिम असतो.

आता मालकी. ज्यूंना हिंदू उत्तराधिकार कायदा लागत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागतो. त्यात पत्नीला एकतृतीयांश, उरलेलं मुलांना समान, मुलगा-मुलगी भेद नाही. म्हणजे हगादा आणि केतुबात तुम्हा तिघांचा प्रत्येकी तिसरा हिस्सा. भाऊ एकटा देऊ शकत नाही, तशा तुम्हीही नाही. तो इथे असतानाच तिघांच्या सह्या घ्या.

नोंदवही मात्र तुमची नाही. ती सिनेगॉगच्या न्यासाची. पणजोबांनी सांभाळली म्हणून ती कुटुंबाची होत नाही. ती आजच्या विश्वस्तांना पोच घेऊन परत करा. संग्रहालयाला द्यायची की नाही ते त्यांनी ठराव करून ठरवावं.

देताना नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. ‘आम्ही मागू तेव्हा परत’ असं कलम घालू नका. देणाऱ्याच्या मर्जीवर परत घेता येणारं बक्षीस मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ खाली निरर्थक ठरतं. मन होत नसेल तर ठरावीक मुदतीचा उसनवारी करार करा. मालकी तुमच्याकडेच राहील. केतुबावर रंगीत चित्रकाम असेल तर त्याची पुरातत्त्व नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद लागते, आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं.

माझं मत विचाराल तर हगादा इथेच राहावी. त्या आवृत्तीत साड्या नेसलेल्या बायका पेसाहच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दाखवल्या आहेत. हे चित्र कोकण-पुण्याच्या वाचकाला जवळून पाहता यायला हवं. पण भावाची ओढही खोटी नाही. लोद, रामले, अश्दोदमधल्या आपल्या माणसांचा या पानांवर तेवढाच हक्क आहे. म्हणून बक्षीसपत्रात कलम घाला : संग्रहालयाने प्रत्येक पानाची उत्तम डिजिटल प्रत करावी, एक प्रत कुटुंबाला आणि एक भाऊ सांगेल त्या संस्थेला द्यावी. त्या प्रती भाऊ बिनधास्त घेऊन जाऊ शकतो.