ढेपेला बुरशीचा वास येतोय : तपासणी कोणती मागायची?

प्रश्न (काटोल तालुका): पावसाळ्यात घेतलेल्या सरकी ढेपेला कुबट वास येतो. लॅबचा रिपोर्ट चांगला आला, तरी डेअरीने दुधात 'अफ्लाटॉक्सिन' सांगितलं. ढेप उन्हात वाळवून चालेल का?

उत्तर: भाऊ, तुम्ही पाठवलेला रिपोर्ट पाहिला. त्यात प्रथिनं, स्निग्धांश, तंतू आणि ओलावा एवढंच आहे. या तपासणीतून ढेपेचा कस कळतो, अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीने तयार केलेलं विष कळत नाही. अफ्लाटॉक्सिन बी-१ ची चाचणी वेगळी मागावी लागते आणि अर्जावर तसं नाव घालून लिहावं लागतं. ती एलायझा किंवा एचपीएलसी पद्धतीने होते. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये ही चाचणी होते का, ते आधी फोनवर विचारा. उगाच चक्कर नको.

आता नमुना. निम्मे रिपोर्ट इथेच फसतात, असं माझं मत आहे. बुरशी सगळ्या पोत्यात सारखी पसरत नाही, एखाद्या कोपऱ्यात दाट असते. वरची मूठभर ढेप नेली तर निकाल निर्धोक येईल आणि विष तळाशी राहील. म्हणून प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि खालून ढेप काढा, ढेकळं फोडून सगळं एकत्र मिसळा. ढीग सपाट करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकीचे बाजूला करा. असं करत शेवटी किलोभर उरवा. काळे-हिरवे तुकडे निवडून फेकू नका, तेच तर तपासायचे आहेत. ढेप ओलसर असेल तर कापडी पिशवी घ्या. प्लास्टिकमध्ये वाटेतच बुरशी वाढते. अर्धा नमुना बिलासोबत सीलबंद करून घरी ठेवा, दुकानदाराशी बोलताना कामी येईल.

संमिश्र पशुखाद्यासाठी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. दुधात हेच विष एम-१ रूपात उतरतं आणि दुधासाठीची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. हिशेब करा: ढेपेत किलोला १०० मायक्रोग्रॅम विष आहे आणि गाय रोज ३ किलो खाते, म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम पोटात गेलं. त्यातलं २ टक्के जरी दुधात आलं तरी ते ६ होतात. गाय १० लिटर देत असेल तर लिटरला ०.६. डेअरीने दूध नाकारलं ते यामुळेच असेल.

वाळवल्याने ओलावा जातो आणि पुढची बुरशी थांबते, पण तयार झालेलं विष तसंच राहतं. दूध उकळूनही ते जात नाही. त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत ही ढेप गाईला, वासराला, कोंबड्यांनाही घालू नका. तोवर स्वच्छ तूर चुनी आणि कोरडं कुटार द्या. बदल मात्र हळूहळू करा. दूषित खाद्य पूर्ण थांबवल्यावर दुधातलं प्रमाण साधारण तीन-चार दिवसांत खाली येतं. मग दुधाचा नमुना पुन्हा तपासून घ्या.

गाय खात नसेल, डोळे-हिरड्या पिवळट दिसत असतील किंवा शेण पातळ होत असेल, तर लॅबची वाट न पाहता पशुवैद्यकांना बोलवा.