हूटर चालू असला की ॲम्ब्युलन्सला सिग्नल नसतो, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीत खासगी ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर म्हणून लागताय आणि मालकाने सांगितलंय, "हूटर लावला की आपल्याला सिग्नल नाही." शिवाय रात्रीही वाजवायचा का, असं विचारलंय. मी चौदा वर्षं ठाण्यात ॲम्ब्युलन्स चालवतोय. मालकाचं अर्धंच खरं आहे.

2017 च्या केंद्राच्या ड्रायव्हिंग नियमांत आपल्याला लाल सिग्नल ओलांडायची, वेगमर्यादेच्या वर जायची मुभा आहे. पण केस खरोखर तातडीची हवी आणि पूर्ण काळजी घेऊन, स्वतःच्या जबाबदारीवर. काही घडलं तर पोलीस ठाण्यात मालक नाही, तुम्ही बसणार. वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ई खाली 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण ते सगळं नंतर. चौकात त्या कलमाचा काडीचा उपयोग नाही.

मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. वागळे इस्टेटमधून छातीत दुखणारा पेशंट घेऊन नौपाड्याकडे निघालो होतो. तीन हात नाक्याला पुलाखाली सिग्नल लाल, हूटर जोरात, टीएमटीची बस मला साईड द्यायला थांबलेली. मी खुशाल घुसलो. बसच्या पलीकडून एक स्कूटरवाला पोरगा आला. त्याला मी दिसलोच नव्हतो, त्याला दिसली फक्त थांबलेली बस, म्हणून तो तिला वळसा घालून पुढे आला. माझा वेग तीसच्या आसपास असेल. त्याचा पाय मोडला. माझ्या पेशंटला दुसरी गाडी येईपर्यंत बावीस मिनिटं रस्त्यावर थांबावं लागलं. पेशंट वाचला, ते त्याचं नशीब.

नंतर विचार केला, त्या पोराने हूटर ऐकला नसेल का? ऐकला असणार, पण पुलाखाली आवाज खांबांवर आणि छतावर आपटून सगळीकडून येतो, कुठून येतोय ते कळत नाही. तुमच्याकडे घणसोली-तळवलीच्या पुलाखाली हेच होईल. रिक्षावाला सगळ्यांत आधी सरकतो, त्याचं कारण साधं आहे, त्याची गाडी उघडी असते. एसी कारच्या बंद काचांआड गाणी लावून बसलेल्याला तुम्ही अगदी पाठीशी आल्यावर कळता, आणि मग तो दचकून ब्रेकच मारतो. म्हणून कुणाच्या बंपरला चिकटून हूटर मारू नका. थोडं अंतर ठेवलं तर त्याला आरशात बत्ती दिसते आणि सरकायला जागाही सुचते.

लाल सिग्नलला मी आता जवळजवळ थांबतोच. मोकळ्या रस्त्यावर लांब सूर ठेवतो, चौक यायच्या बराच आधी तो बदलून तुटक, जलद सूर लावतो. सूर बदलला की माणसं माना वळवतात. मग एकेक लेन ओलांडायची. त्या लेनमधल्या माणसाने आपल्याला पाहिलंय याची खात्री झाली की पुढची. मागेपुढे दोन ॲम्ब्युलन्स असतील तर दुसरीने वेगळा सूर लावावा, नाहीतर पहिली गेली की लोक लगेच निघतात आणि दुसरीसमोर येतात.

यात वेळ जातो, पण हूटरने मुळात वाचतो तरी किती? अमेरिकेत ग्रीनव्हिल गावात 1995 साली मोजलं होतं, हूटर-बत्तीने सरासरी 43.5 सेकंद वाचले. अमेरिकेतलाच 2019 चा एक मोठा अभ्यास सांगतो की पेशंट आत असताना हूटर-बत्तीवर धावणाऱ्या गाड्यांचे अपघात लाख फेऱ्यांमागे 17 आणि हूटर-बत्ती न लावणाऱ्यांचे 7. आपलं ट्रॅफिक वेगळं, मान्य. पण संध्याकाळी घोडबंदर रोड तुंबला की समोरच्याला सरकायचं असूनही जागा नसते. तिथे कितीही वाजवा.

रात्री रस्ता मोकळा असेल तर बत्ती पुरते. हूटर चौकात आणि वळणावर. गायमुखच्या घाटात मात्र वाजवावाच लागतो, वळणापलीकडे बत्ती दिसत नाही. हॉस्पिटलभोवतीचा 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो, गेट दिसायच्या आधीच बंद करा.

आतला पेशंटही हे सगळं ऐकत असतो, हे नवे ड्रायव्हर विसरतात. घाबरलेल्याचे ठोके आणखी वाढतात, सोबतच्या ब्रदरला, म्हणजे नर्सला, स्टेथोस्कोपमधून काही ऐकू येत नाही. त्यामुळे हूटरची गरज आहे का, ते मी मागच्या ब्रदरला किंवा डॉक्टरला विचारतो. नातेवाईक पुढे बसून म्हणतात, "भाऊ, लावा ना, पैसे दिलेत." त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्यांच्याशी वाद घालू नका, पण ऐकूही नका. आणि रिकामी गाडी परत नेताना हूटर लावणारे आपलेच भाऊबंद आहेत. त्यांच्यामुळे लोक म्हणतात, "वडापाव खायला चाललाय."

मालक तरीही ऐकत नसेल तर त्याला त्याच्याच कारमध्ये बसवा. काचा वर, एसी चालू, गाणी चालू. मागून हूटर वाजवत हळूहळू जवळ या आणि ऐकू आला की हात वर करायला सांगा. तेव्हा तुमची गाडी किती जवळ आलेली असेल ते त्यालाच पावलांनी मोजू द्या.