गुण घसरले, म्हणजे अभ्यासक्रम फसला?

प्रश्न : आमचे 18 विद्यार्थी 3 आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी परदेशी गेले होते. उद्दिष्ट होतं 'आंतरसांस्कृतिक क्षमता वाढवणे', म्हणजे वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांशी समजून-उमजून वागता येणं. जाण्याआधी आणि परतल्यावर एकच स्वमूल्यांकनाची प्रश्नावली भरून घेतली, तर दुसऱ्या खेपेला गुण चक्क घसरले. काय चुकलं?

उत्तर : घसरण हा फसल्याचा पुरावा नव्हे. 'मी परक्यांशी सहज जुळवून घेतो' या विधानाला घरबसल्या 5 पैकी 5 देता येतात. तिथे दोन-चार गैरसमज झाले, की मनातली मोजपट्टीच बदलते. म्हणून परतल्यावर एकाच बैठकीत दोन्ही विचारा : आज किती, आणि आजच्या समजुतीने पाहता जाण्याआधी किती होते? अर्थात यातही मुलं शिक्षकांना खूश करतात, तेव्हा एवढ्यावरच विसंबू नका.

खरी गफलत उद्दिष्टात आहे. आंतरसांस्कृतिक संवादाचे अभ्यासक मिल्टन बेनेट यांनी 1986 मध्ये मांडलेल्या प्रारूपात सांस्कृतिक फरक नाकारण्यापासून ते आत्मसात करण्यापर्यंत 6 टप्पे आहेत. 3 आठवड्यांत ते ओलांडून घ्यायला निघू नका. दोनच उद्दिष्टं ठेवा. 'समजून घेईल', 'आदर करेल' ही क्रियापदं खोडा. ती तपासणार कशी? त्याऐवजी लिहा : 'न उमगलेल्या प्रसंगाचं शेरा न मारता वर्णन करेल, त्याचे 3 संभाव्य अर्थ मांडेल आणि स्थानिक व्यक्तीला विचारून ते पडताळेल.'

याचा सराव निघण्याआधी 2 तासिकांत, एखाद्या छायाचित्रावर करून घ्या. 'तो उद्धट आहे' हा शेरा. 'तो बोलताना समोरच्याकडे पाहत नाही' हे वर्णन. मुलं नेमकी इथेच अडखळतात. तिथे गेल्यावर अशा प्रसंगांच्या आठवड्याला 2 लेखी नोंदी पुरेत. रोज लिहायला लावलंत, तर हाती प्रवासवर्णन येतं. प्रत्येक नोंदीवर तुमचा एक प्रश्न 2 दिवसांत जायला हवा, आणि पहिली व शेवटची नोंद एकाच निकषावर तपासायला हवी.

दुसरं उद्दिष्ट सहकार्याचं असू द्या, कारण 18 जणांचा घोळका आपल्यातच रमतो. स्थानिकांशी नुसती गाठभेट पुरत नाही. समान दर्जा, सामायिक ध्येय, सहकार्य आणि संस्थेचं पाठबळ या अटी, गाठीभेटींतून पूर्वग्रह कमी व्हावेत म्हणून, मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच सांगितल्या आहेत. स्थानिकांच्या मुलाखती घ्यायला लावल्या, तर एक विचारतो, दुसरा उत्तरं देतो. दर्जा समान राहत नाही. स्थानिक विद्यार्थ्याबरोबर जोडीने एकच काम द्या आणि गुण दोघांनाही मिळतील असं यजमान संस्थेशी आधीच ठरवा.

परतल्यावर महिन्याभराने एक बैठक ठेवा. थोडे गुण तिच्यासाठी राखून ठेवा, नाहीतर कुणी फिरकत नाही.