उंच पर्वतावर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते म्हणून धाप लागते का?

नाही, हवेतील ऑक्सिजनचा वाटा उंचीवरही समुद्रसपाटीइतकाच, म्हणजे सुमारे २१ टक्के असतो. कमी होतो तो हवेचा दाब, आणि धाप लागते ती त्यामुळे. साधारण ५,५०० मीटर उंचीवर हा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, आणि फुप्फुसांतील सूक्ष्म हवेच्या पिशव्यांतून, म्हणजे वायुकोशांतून, रक्तात ऑक्सिजन शिरण्यामागचा जोरच उणावतो. मानेतील मुख्य धमनी जिथे दुभागते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक संवेदक पिंड असतो. रक्तातील ऑक्सिजन घटल्याचे त्याला काही क्षणांतच कळते आणि तो मेंदूला श्वास वाढवण्याचा इशारा देतो. शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असूनही सहसा दुर्लक्षित राहणारी गोष्ट पुढची आहे: वाढलेल्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होऊ लागते आणि मेंदू त्याच श्वसनाला लगाम घालतो. म्हणूनच पहिल्या काही रात्री अनेकांचा श्वास झोपेत मधेच थांबतो आणि पुन्हा जोरात सुरू होतो. मूत्रपिंडे बायकार्बोनेट हा रक्तातील अल्कधर्मी घटक बाहेर टाकून हा समतोल सावरतात, पण त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर काही आठवडे. मात्र चढताना लागणारी धाप आणि विश्रांती घेऊनही न थांबणारी धाप या एक नव्हेत. दुसरीच्या जोडीला खोकला किंवा छातीत घरघर असेल, तर फुप्फुसांत पाणी साठत असण्याची शक्यता असते. अशा वेळी, व्यक्ती कितीही तंदुरुस्त असली तरी, तिला ऑक्सिजन देऊन ताबडतोब खाली उतरवणे हाच पहिला उपाय आहे.