स्कूबाचे फिन कसे निवडायचे, आणि तळाची वाळू न उडवता किक कशी मारायची?

तुमचा ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला कोर्स) झाला आहे आणि आता स्वतःचे फिन, म्हणजे पायात घालायची पाती, घ्यायचे आहेत, पण स्प्लिट (मधोमध चिरलेल्या पात्याचे) की पॅडल (सलग पात्याचे) हे ठरत नाही. भाड्याच्या फिननी दर डाइव्हला पोटऱ्यांत गोळे येतात, आणि तळाजवळ गेलात की मागे वाळूचा ढग उठतो, असंही तुम्ही लिहिलं आहे. या तीन तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण बहुतेक वेळा त्यांचं मूळ एकच निघतं. म्हणून दुकानात जाण्याआधी एक चाचणी करून घ्या.

दोन-तीन मीटर खोल, स्वच्छ पाण्यात, जोडीदार शेजारी असताना नेहमीचं सगळं सामान घालून बॉयन्सी न्यूट्रल करा, म्हणजे वरही जायचं नाही आणि बुडायचंही नाही. पोटावर आडवे व्हा, गुडघे काटकोनात वाकवा, हात पुढे ठेवा आणि अर्धा मिनिट पाय अजिबात हलवू नका. श्वास नेहमीसारखा चालू राहू दे. आता शरीर कुठे कलतं ते बघा. नवशिक्यांचे पाय बहुधा खाली जातात आणि डोकं वर येतं. अशा तिरक्या अंगाने मारलेली किक पाणी मागे ढकलते तशी खालीही ढकलते, म्हणजे ती तुम्हाला पुढे नेते आणि वरही उचलते. किक वर उचलते म्हणून बीसीडीत (हवा भरायच्या जाकिटात) हवा कमी ठेवली जाते, हवा कमी म्हणून थांबलं की बुडायला होतं, आणि बुडू नये म्हणून पाय सतत चालू राहतात. वाळू उडते ती इथूनच. पोटऱ्या थकतात त्याही पुष्कळदा यामुळेच. हवेचा खर्चही वाढतो, आणि २० मीटरवर दाब ३ बार असल्याने तिथला प्रत्येक श्वास टाकीतून पृष्ठभागाच्या तिप्पट हवा काढतो.

पाय खाली जात असतील तर आधी वजनांची जागा बदला. कमरेच्या पट्ट्यातलं एक-दोन किलो टाकीच्या वरच्या पट्ट्यावरच्या खिशात न्या, टाकी दोन-तीन सेंटीमीटर वर सरकवा आणि चाचणी पुन्हा करा. पाय वर जात असतील तर याच्या उलट करा. हीच चाचणी टाकीत ५० बार उरलेले असतानाही करायला हवी. ११ लिटरच्या टाकीत २०० बारला सुमारे अडीच किलो हवा असते, ती संपत जाते तशी टाकी हलकी होते आणि तोल बदलतो. ॲल्युमिनियमच्या टाकीत हा फरक जास्त जाणवतो, कारण रिकामी झाल्यावर ती तरंगायला बघते.

फिनच्या निवडीचा संबंध इथे येतो. पाय हे शरीराच्या तराजूचं सगळ्यात लांबचं टोक आहे. शरीराच्या मध्यापासून मीटरभर लांब, पायाशी असलेलं अर्धा किलो वजन हे मध्यापासून २५ सेंटीमीटरवरच्या दोन किलोइतकं काम करतं. जाड रबरी फिन पाण्यात बुडतात, प्लास्टिकचे बरेच फिन साधारण न्यूट्रल असतात किंवा किंचित तरंगतात. ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा, हवा असलेला सूट) घालणाऱ्याच्या पायाकडे हवा जाते, म्हणून त्याला जड रबरी फिन सोयीचे. पातळ वेटसूटमध्ये (आत पाणी शिरणाऱ्या सूटमध्ये) ज्याचे पाय आधीच खाली जातात त्याने तेच फिन घेतले तर त्रास वाढेल. तेव्हा ‘सगळ्यात वेगवान कोणता’ हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमचे पाय पाण्यात कुठे जातात, पायात काय घालणार आणि कोणती किक मारायची आहे, या तीन गोष्टींवरून फिन ठरतो.

आता मापाबद्दल, कारण गोळे येण्याचं दुसरं मोठं कारण तेच आहे. फिनचे दोन प्रकार असतात. फुल फूट म्हणजे बुटासारखा पूर्ण पाय आत जाणारा, तो अनवाणी किंवा पातळ निओप्रीन (फेसाळ रबर) मोज्यावर घालतात. ओपन हील म्हणजे मागे टाच मोकळी, स्ट्रॅपने बांधायचा, तो बुटांवर घालतात. उबदार पाण्यात, होडीवरूनच उतरायचं असेल आणि सामान हलकं हवं असेल तर फुल फूट उत्तम. खडकाळ किनाऱ्यावरून चालत जायचं असेल किंवा पाणी गार असेल तर ओपन हीलच घ्या.

ओपन हील घेताना स्वतःचे बूट बरोबर न्या. ३ मिलिमीटर आणि ७ मिलिमीटरच्या बुटात फिनचं माप सहज एका नंबराने बदलतं. खुर्चीवर बसून, स्ट्रॅप न लावता पाय आत सारा. पायाचा वरचा फुगीर भाग फूट पॉकेटमध्ये (फिनमधल्या पाय घालायच्या खोबणीत) झाकला गेला पाहिजे, बोटं सरळ राहिली पाहिजेत आणि पाय उचलून हलकेच हलवला तर फिन लगेच गळून पडता कामा नये. पाय अर्धाच आत जात असेल तर पात्याचा सगळा भार चवड्यावर येतो, घोटा खेचला जातो आणि दहा मिनिटांत पोटरी आखडते. पॉकेट सैल असेल तर फिन पडू नये म्हणून बोटं नकळत मुठीसारखी वळतात, मग तळव्यात गोळा येतो. तुमचा गोळा पोटरीत येतो की तळव्यात, हे आठवून पाहा. भाड्याचा फिन आखूड होता की सैल, याचा बराच अंदाज त्यावरून येईल. फुल फूटमध्ये घट्टपणा सगळीकडे सारखा हवा. अंगठ्याच्या नखावर किंवा टाचेच्या मागे एका जागी दाब येत असेल तर ‘वापरून सैल होईल’ यावर विसंबू नका.

स्ट्रॅपबद्दल माझं मत ठाम आहे: स्टेनलेस स्टीलचा स्प्रिंग स्ट्रॅप घ्या. रबरी स्ट्रॅप चिरतो, प्लास्टिकचं बकल ऐन पाण्यात उतरताना तुटतं. स्प्रिंगला आवळायचं काही नसतं, आणि खोलीवर निओप्रीनचा बूट दबून पातळ झाला तरी ती पकड सोडत नाही. रबरीच ठेवणार असाल तर एक जादा स्ट्रॅप बॅगेत असू द्या.

पात्याकडे वळू. स्प्लिट फिनचं पातं मधोमध चिरलेलं असतं. छोट्या, जलद फ्लटर किकला (पाय आळीपाळीने वर-खाली मारण्याला) ते हलकं पडतं, म्हणून गुडघा किंवा घोटा दुखरा असलेल्यांना ते आवडतं. पण पाय आडवा फिरवून पाणी ढकलायचं म्हटलं की ते चिरेतून निसटतं, आणि अशा फिनवर मागे जाणं जवळजवळ अशक्य होतं. दुसऱ्या टोकाला आखूड, रुंद, कडक रबरी फिन, पात्याच्या मुळाशी झरोके असलेले. १९६०च्या दशकापासून ही घडण फारशी बदललेली नाही. फ्रॉग किक (बेडकासारखी, दोन्ही पायांनी एकदम मारायची), मागे जाणं, जागच्या जागी वळणं यांत ते फार नेमके चालतात, पण त्यांवर लांबवर फ्लटर मारलीत तर मांड्या भरून येतात. फ्रीडायव्हिंगचे (टाकीशिवाय, श्वास रोखून मारायच्या डाइव्हचे) लांब फिन स्कूबाला घेऊ नका, वळताना ते शेजाऱ्याला आणि प्रवाळाला लागतात.

तुम्हाला मी मधला मार्ग सुचवेन: मध्यम कडक, सलग पात्याचा पॅडल फिन, दोन्ही कडांना उंच पट्ट्या असलेला. हातात धरून टोक दाबून बघा. पातं टोकापासून मुळाकडे क्रमाने वाकलं पाहिजे. फूट पॉकेटच्या तोंडाशीच दुमडत असेल तर तो फिन परत ठेवा.

किक

फ्लटर तुम्हाला कोर्समध्ये शिकवलेली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल थोडंच सांगतो. ताकद खुब्यातून यायला हवी, गुडघा किंचित वाकलेला आणि घोटा लांबवलेला. गुडघे पुढे-मागे होऊ लागले की सायकल चालते, फिन पाण्यात नुसता पुढे-मागे सरकतो आणि पुढे ढकलणारा जोर मिळत नाही. फ्लटर राखून ठेवायची ती प्रवाहाविरुद्ध जाताना आणि पृष्ठभागावर पाठीवर पोहताना. तळाजवळ ती नको, कारण खाली येणारा फिन पाण्याचा झोत सरळ वाळूवर सोडतो.

फ्रॉग किक हे तुमच्या वाळूच्या तक्रारीवरचं खरं उत्तर आहे. सुरुवातीची स्थिती चाचणीतलीच: मांड्या धडाच्या रेषेत, गुडघे काटकोनात, फिन तळाला समांतर आणि अंगाच्या पातळीपेक्षा वर. इथून टाचा थोड्या नितंबांकडे घ्या आणि गुडघे खांद्यांइतके उघडा, जास्त नाही. आता घोटे बाहेर वळवा, म्हणजे तळवे मागे बघू लागतील. हे घोट्याचं वळणच किकचा जीव आहे. मग दोन्ही पाय कमानीत बाहेरून मागे आणा, तळव्यांनी टाळी वाजवल्यासारखे जवळ घ्या, शेवटी बोटं लांबवा आणि थांबा. मनात एक, दोन, तीन म्हणेपर्यंत घसरत राहा. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून घाईने मारलेली पुढची किक मेहनत खूप खाते आणि वेग थोडाच वाढवते.

चुका कुठे होतात? ज्यांना पोहण्यातला ब्रेस्टस्ट्रोक येतो ते गुडघे पोटाखाली ओढतात. त्याने मांड्या समोरच्या पाण्याला आडव्या येऊन ब्रेक लागतो आणि फिन तळाकडे जातात. मांडी जवळजवळ स्थिर ठेवा, काम गुडघ्याखाली करा. दुसरी चूक म्हणजे एक पाय नीट वळतो आणि दुसरा फ्लटरसारखा खाली मारला जातो. स्वतःला हे कळत नाही, जोडीदाराला मागून व्हिडिओ काढायला सांगा. तिसरी चूक घसरण्याचा थांबा गाळण्याची. सराव आधी कोरड्यात करा: बाकावर पालथे पडा, गुडघ्यापासून खालचा भाग बाकाबाहेर, आणि फक्त घोटे वळवून बघा. नंतर पूलमध्ये काठ धरून, शेवटी मोकळं.

जागा अरुंद असेल किंवा खाली बारीक गाळ असेल तर याच किकची छोटी आवृत्ती वापरतात. गुडघे जवळजवळ जुळलेलेच राहतात, फक्त घोटे गोल फिरतात. तशीच छोटी फ्लटरही असते: गुडघे वाकवलेले, फिन वर, आणि नुसते घोटे आळीपाळीने हलवायचे. वेग कमी मिळतो, पण झोत तळापर्यंत जात नाही.

मागे जाणारी किक सगळ्यात उशिरा जमते आणि एकदा जमली की सगळ्यात उपयोगी पडते. प्रवाळासमोर थांबायचं आहे, पुढचा डायव्हर अचानक थांबला आहे, शिडीच्या फार जवळ आलात, अशा वेळी हात न हलवता मागे सरता येतं. पाय मागे लांबवा, फिन एकमेकांजवळ. आता पावलं नडगीकडे ओढा, जणू टाचांवर चालायचं आहे, आणि घोटे बाहेर वळवा. फिनच्या बाहेरच्या कडा आणि वरची बाजू पाण्यात रोवल्यासारखी वाटली की टाचा बाहेरून नितंबांकडे ओढून घ्या. जोर मांडीच्या मागच्या स्नायूंचा. नंतर बोटं लांबवून फिन पातळ कडेने, हळूच मागे न्या. बहुतेक लोक इथेच अडतात: परतीचा टप्पा घाईने केला की जेवढं मागे आलात तेवढंच पुढे जाता. सुरुवातीला प्रत्येक किकला हातभर मागे सरलात तरी पुष्कळ. पूलमध्ये सराव करताना तळाच्या फरशीची रेघ खूण म्हणून धरा, नाहीतर सरलो की नाही हे कळत नाही. डोकं वर करून मागे बघायचा मोह होतो, त्याने पाय पडतात.

जागच्या जागी वळणं म्हणजे या दोन्हींची सांगड. एक पाय अर्धी फ्रॉग किक मारतो, दुसरा अर्धी मागची. गुडघे काटकोनात, शरीर सपाट, आणि तुम्ही पोटाभोवती घड्याळाच्या काट्यासारखे फिरता. दोन्ही दिशांनी पूर्ण वर्तुळ जमेपर्यंत करा, प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते.

प्रवाह जोरात असेल तर फ्रॉग किकच्या हट्टाला पेटू नका. तळालगत प्रवाह कमी असतो, तिथे अंगाने सपाट राहून फ्लटर मारा, आणि तरीही धाप लागली तर लढणं थांबवून जोडीदाराला खूण करा, काही धरून श्वास खाली येऊ द्या. धापेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि घाबरायला होतं.

पाण्यात गोळा आलाच तर थांबा, तो पाय सरळ करा, फिनचं टोक हाताने धरून स्वतःकडे ओढा आणि पोटरी सैल होईपर्यंत तसंच धरून ठेवा. हात पोचत नसेल तर जोडीदार तुमचा फिन तुमच्या दिशेने दाबू शकतो. नंतर लगेच तीच किक सुरू करू नका, फ्लटरने गोळा आला असेल तर फ्रॉगवर या, स्नायू वेगळे लागतात.

फिन घालून चालावं लागलं तर मागे मागे चाला. होडीच्या शिडीवर फिन घालून चढू नका, पण दोर किंवा शिडी हातात येईपर्यंत ते काढूही नका. आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, नव्या फिनबरोबर आत आलेला प्लास्टिकचा साचा पॉकेटमध्ये घालून, सावलीत आडवे ठेवा. टोकांवर उभे करून ठेवले तर पाती वाकतात, आणि वाकलेल्या पात्याने सरळ फ्रॉग किक कधीच जमत नाही.