पॅराफिन-मायक्रोच्या मिश्रणाला एचएस कोड २७१२ की ३४०४? आणि मे महिन्यात कंटेनर पाठवला तर मेण वितळेल का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: मकरपुरा जीआयडीसीत तुमचं छोटं युनिट आहे, दोन ग्रेड बनवता. एकात पॅराफिन आणि मायक्रो (मायक्रोक्रिस्टलाइन मेण), दुसऱ्यात तेच दोन्ही, वर दहा टक्के कॅस्टर वॅक्स. एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, कोणता यावर वाद आहे: इस्तंबूलचं गिऱ्हाईक म्हणतं दोन्हींना ३४०४ (कृत्रिम आणि तयार मेणं) लावा, तुमचा सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा एजंट, म्हणतो दोन्हींना २७१२ (पॅराफिनसारखी खनिज मेणं). आणि माल मे महिन्यात निघणार आहे.

दोघंही अर्धे बरोबर आहेत. पहिली ग्रेड २७१२ मध्ये जाते, दुसरी ३४०४ मध्ये. एका इनव्हॉइसवर दोन ओळी, दोन कोड. सीएचए कुरकुरेल, पण करायचं असंच.

मी बडोद्यातच एका केमिकल कंपनीत बावीस वर्षं एक्सपोर्टची कागदपत्रं बघतोय. वकील नाही, सीएचए नाही, पण मेणाच्या कोडने मला एकदा चांगलाच चटका दिलाय, म्हणून जरा लांबण लावतो.

गोणीवर ‘वॅक्स’ छापलंय याला कस्टम्सच्या लेखी काही अर्थ नाही. त्यांना दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: हे कशापासून निघालं, आणि त्यात दुसरं काय मिसळलं. टॅरिफचं पुस्तक काढा आणि शीर्षकं वाचायच्या आधी प्रकरण ३४ च्या सुरुवातीची टीप ५ वाचा. वर्गीकरणाचा पहिला नियमच सांगतो की शीर्षकाचे शब्द आणि प्रकरणाच्या टिपा यांवरून कोड ठरतो. तरी लोक टिपा सोडून थेट यादीत शोधतात, आणि तिथेच फसतात.

ती टीप तीन प्रकारच्या मालाला ३४०४ मध्ये घेते. रासायनिक प्रक्रियेने बनवलेला मेणासारखा सेंद्रिय पदार्थ, वेगवेगळ्या मेणांचं मिश्रण, आणि मेणाच्या पायावर बनवलेला पण चरबी, राळ, खनिज असलं काही घातलेला माल. इथवर वाचून तुमच्या गिऱ्हाइकाने पुस्तक मिटलं असणार. कारण लगेच खाली अपवाद आहेत, आणि त्यात लिहिलंय की २७१२ ची खनिज मेणं आपापसात मिसळली किंवा नुसती रंगवली तरी ती ३४०४ मध्ये येत नाहीत. पॅराफिनही खनिज, मायक्रोही खनिज. दोघांचं लग्न घरातल्या घरात झालं, आडनाव बदलत नाही. त्याच पॅराफिनमध्ये कार्नौबा घाला, जे १५२१ चं वनस्पती मेण आहे, की झालं ३४०४. ईव्हीए (एक प्लास्टिक) किंवा रेझिन घाला, तरी ३४०४.

आता कॅस्टर वॅक्स. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरताना आपल्याकडे ज्या दिवेलाचा, म्हणजे एरंडेलाचा, हात फिरवतात ना, त्याच तेलाला हायड्रोजन दिला की ते कडक, पांढरं, ८५ अंशांच्या आसपास वितळणारं होतं. दिसायला मेण, बाजारात नाव मेण, पण रसायनशास्त्रात ते ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबीच. नुसतं विकलं तर ते १५१६ मध्ये, हायड्रोजनेटेड तेलांच्या ओळीत बसतं. तुमच्या दुसऱ्या ग्रेडमध्ये ते खनिज मेणात मिसळलंय, म्हणजे ‘मेणाच्या पायावर, चरबी घातलेला’ माल झाला. म्हणून ३४०४ ९०.

पहिल्या ग्रेडचे पहिले चार आकडे पक्के. पुढच्या दोनासाठी लॅब रिपोर्ट हवा. नुसतं पॅराफिन असेल आणि त्यात तेल वजनाने ०.७५ टक्क्यापेक्षा कमी असेल तर २७१२ २०. स्लॅक वॅक्स (तेल जास्त असलेलं कच्चं पॅराफिन), मायक्रो वगैरे मंडळी २७१२ ९० मध्ये. तेलाचं प्रमाण एएसटीएम डी ७२१ या प्रमाणित चाचणीने काढतात. सप्लायरच्या सर्टिफिकेटवर तो आकडा असतो, पण सर्टिफिकेट कच्च्या मालाचं आहे आणि तुम्ही विकताय मिश्रण. मिश्रणाची टेस्ट स्वतः करून घ्या, आणि रिपोर्टसोबत दोन्ही मेणांचं प्रमाण लिहून सीएचएला द्या.

चटका कसा बसला ते सांगतो. नोकरीतलं तिसरं वर्ष असेल. आम्ही फ्लेक्समधलं कॅस्टर वॅक्स युरोपात पाठवलं, कोड टाकला ३४०४. का? आधीच्या माणसाच्या फाइलमध्ये तोच होता आणि मालाच्या नावात ‘वॅक्स’ होतं, बस. तिकडच्या बंदरावर नमुना काढला, रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड आलं, कोड बदलला. आपल्या सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर एक कोड, त्यांच्या कागदावर दुसरा. कंटेनर तीन आठवडे अडकला. डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याच्या आकाराचं, बिल आलं तेव्हा साहेब काही बोलले नाहीत, नुसतं बिल माझ्या टेबलावर ठेवून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सोया वॅक्सवाले हे वाचत असतील तर तुमचंही तेच आहे. नुसतं हायड्रोजनेटेड सोयाबीन तेल म्हणजे १५१६. आणि मेणबत्तीवाले ज्याला सर्रास ‘स्टिअरिन’ म्हणतात ते स्टिअरिक ॲसिड ३८२३, मेणात त्याची गणतीच नाही. सगळ्यात मजेशीर प्रकरण सीपीडब्ल्यूचं. गुजरातमध्ये हे क्लोरिनेटेड पॅराफिन ड्रमच्या ड्रम बनतं, नावात ‘वॅक्स’ आहे आणि बहुतेक माल मधासारखा पातळ. पातळ असेल तर ३८२४, खरोखर मेणासारखं घट्ट असेल तरच ३४०४. त्यात शॉर्ट चेन, म्हणजे छोट्या कार्बन साखळीचं, क्लोरिनेटेड पॅराफिन असेल तर गोष्ट कोडपुरती राहत नाही, कारण ते २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे चिवट घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलंय.

पीई (पॉलिएथिलीन) वॅक्सबद्दलही विचारणा होते: ३९०१ चं प्लास्टिक की ३४०४ चं मेण? त्यासाठी वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनच्या स्पष्टीकरणात चक्क आकडे दिलेत. ड्रॉपिंग पॉइंट (तापवल्यावर पहिला थेंब गळतो ते तापमान) ४० अंशांच्या वर, आणि त्याहून १० अंश वरच्या तापमानाला रोटेशनल व्हिस्कॉमीटरवर व्हिस्कॉसिटी (दाटपणा) १०,००० सेंटिपॉइजपेक्षा जास्त नको. शिवाय हलकं घासलं की चकाकी यावी आणि वितळल्यावर तार सुटू नये, हेही त्यात आहे. साखरेच्या पाकाची परीक्षाच जणू. मी तेव्हापासून प्रत्येक नवा नमुना आधी अंगठ्याने घासून बघतो, पोरं हसतात.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं? एचएसचे पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे ज्याचे त्याचे. आपल्याकडे आठ, तुर्कस्तानात बारा. आयातीचा अंतिम कोड त्यांचं कस्टम्स ठरवणार, तुम्ही नाही. पण तुमच्या शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या घोषणापत्रावर, तुमचा स्वतःचा खरा कोड हवा, कारण कस्टम्स ॲक्टच्या कलम १७ नुसार सेल्फ-असेसमेंट आहे, म्हणजे कोड तुम्हीच ठरवून जाहीर करायचा, सही तुमची आहे. शिवाय रोडटेप, म्हणजे निर्यातदाराला मिळणारा कराचा परतावा, कोडनुसार मिळतं, जीएसटीच्या इनव्हॉइसवरही तोच कोड दिसला पाहिजे. तेव्हा दोन्ही ग्रेडची रचना टक्क्यांत, लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी पाठवा आणि म्हणा, यावरून तुमच्याकडे बाइंडिंग टॅरिफ इन्फर्मेशन, म्हणजे कोडचा बंधनकारक लेखी निर्णय, घ्या. ती सोय तिकडे आहे. रचना देऊन कोड त्यांना काढू द्या. ‘ड्युटी कमी पडते म्हणून हा कोड टाका’ असं कुणी म्हणालं तर मात्र हात जोडून नाही म्हणायचं.

तुम्हाला स्वतःला लेखी निर्णय हवा असेल तर मुंबई आणि दिल्लीला कस्टम्सची ॲडव्हान्स रूलिंगची अथॉरिटी आहे. एक-दोन कंटेनरसाठी मी जाणार नाही, दर महिन्याचा धंदा असेल तर जरूर. फुकटात शिकायचं असेल तर अमेरिकन कस्टम्सचे जुने निर्णय ‘क्रॉस’ नावाच्या साइटवर खुले आहेत. मेणावर भरपूर सापडतील. आपल्याकडे ते बंधनकारक नाहीत, पण अधिकारी विचार कसा करतो ते कळतं.

आता मे महिना. तुमचं पॅराफिन ५८-६० अंशांना वितळणारं असेल असं धरतो. मुंद्र्याच्या यार्डात उन्हात उभ्या डब्याच्या, म्हणजे कंटेनरच्या, छताखालची हवा साठीच्या आसपास जाते. सगळा माल काही वितळत नाही. पण पॅराफिन वितळण्याच्या बरंच आधी मऊ पडतं, आणि खालच्या थरावर वरचं वजन असतं. मग लाद्या एकमेकींना चिकटून एकच शिळा होते. गिऱ्हाईक कुऱ्हाडीने फोडतो, फोटो पाठवतो आणि डिस्काउंट मागतो. स्लॅक वॅक्स असेल तर तेल सुटून डब्याची जमीनही खराब, तिच्या सफाईचे पैसे वेगळे.

म्हणून लाद्या सुट्या रचू नका. प्रत्येक लादीला पॉलिथिनची फिल्म, पाच-पाच लाद्या कार्टनमध्ये, पॅलेटवर उंची कमी, आणि दर दोन थरांनंतर प्लायची शीट. पॅलेट लाकडी असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा (लाकडातल्या किडींबद्दलच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) हीट ट्रीटमेंटचा शिक्का बघून घ्या. डबा भरण्याआधी आत डोकं घालून वास घ्या, कारण मेण वास पकडतं. आमचा एक डबा आधी मिरची वाहून आलेला होता, आणि आमचं मेण चीजच्या कोटिंगला जाणार होतं. पुढचं सांगत नाही.

फॉरवर्डरला लेखी सांगा की ‘स्टो अवे फ्रॉम हीट’, म्हणजे डबा उष्णतेपासून दूर ठेवा, आणि शक्यतो डेकखाली. हमी कोणी देत नाही, पण पुढे क्लेमच्या वेळी तो ईमेल कामाला येतो. लाल समुद्रातल्या गडबडीमुळे २०२३ च्या अखेरीपासून बऱ्याच लाइन्स आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, म्हणजे आठवडे वाढले आणि विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. बुकिंगच्या वेळीच विचारा की जहाज सुएझने जाणार की केपने, आणि ट्रान्सशिपमेंट, म्हणजे वाटेत जहाज बदलणं, कुठे. दुबईच्या जेबेल अली बंदराच्या यार्डात जूनमध्ये दहा दिवस डबा पडून राहणं हे मला समुद्रातल्या महिन्यापेक्षा जास्त भीतीचं वाटतं.

शिपिंग लाइन एमएसडीएस (मालाच्या सुरक्षिततेचं माहितीपत्रक) मागेल, घाबरू नका. घन मेण धोकादायक माल नाही, हे तुमच्या एमएसडीएसच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं हवं. तिथे रकाना रिकामा असला की लाइनवाले बुकिंग अडकवतात. १०० अंश किंवा त्याहून गरम वितळलेलं मेण टँकमध्ये पाठवलं तर गोष्ट वेगळी, ते धोकादायक मालाच्या यादीत यूएन ३२५७, क्लास ९. तुमचं तसं नाही.

तारीख हलवता येत असेल तर पहिली ग्रेड, म्हणजे कॅस्टरशिवायची, ऑक्टोबरनंतर पाठवा. दुसरीतही दहा टक्के कॅस्टरवर भरवसा ठेवू नका, त्या मिश्रणाचा कंजीलिंग पॉइंट (वितळलेलं मेण घट्ट व्हायला लागतं ते तापमान) काढून बघा. आकडा इथे टाकलात तर पॅकिंगबद्दल नेमकं सांगतो.