गेमिंग कॉम्प्युटर घेण्यासाठी आई-बाबांना कसे पटवावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमची नववी संपली आहे, सुमारे सत्तर हजारांचा गेमिंग कॉम्प्युटर घ्यायची इच्छा आहे, आणि आई-बाबा ‘अभ्यास बिघडेल’ एवढे एकच कारण देऊन विषय संपवतात. ‘ऑनलाइन क्लास आणि कोडिंगसाठी हवा आहे, असे सांगितले तर चालेल का?’ हा तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आहे, आणि मी उत्तर लिहायला बसले ते मुख्यतः त्याच्यामुळे.

चालणार नाही. कॉम्प्युटर खेळण्यासाठी हवा असेल तर खेळण्यासाठी हवा आहे, असेच सांगावे. अभ्यासाचे कारण पुढे केले की आई-बाबांच्या हाती एक रास्त उत्तर येते: अभ्यासाला ग्राफिक कार्ड (खेळांतली चित्रे पडद्यावर वेगाने आणणारा भाग) लागत नाही, तीस-पस्तीस हजारांचा साधा लॅपटॉप पुरतो. त्यावर तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही. शिवाय उद्या कॉम्प्युटर आलाच, तर तुम्ही खेळताना दिसाल तो प्रत्येक क्षण दिलेला शब्द मोडल्याचा पुरावा ठरेल.

मी २०१८ साली दहावी होऊन अकरावी सायन्सला गेले तेव्हा आम्ही कराडला राहत होतो. बाबा एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते आणि आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, शेजारच्याच घरात राहत, आणि टीव्ही असो वा मिक्सर, त्यांच्या सल्ल्याशिवाय आमच्याकडे कोणतीही मोठी खरेदी होत नसे. मी गेमिंग कॉम्प्युटरचा विषय काढला त्याच संध्याकाळी काका आले आणि बाबांना म्हणाले, “दादा, पोरीच्या हातात साठ हजारांचं खेळणं देऊ नकोस. अभ्यासाला लॅपटॉप घे, आणि घ्यायचा तर कंपनीचा घे. असेंबल केलेलं मशीन दोन वर्षांत भंगारात जातं.” यातील ‘पोरीच्या हातात’ हे शब्द मला अधिक लागले होते, कारण त्यांच्या मुलाला, माझ्याहून एक वर्षाने लहान असलेल्या माझ्या चुलत भावाला, त्याच उन्हाळ्यात क्रिकेटचे पूर्ण किट मिळाले होते, आणि याचा पुढे आयुष्यात काय उपयोग, असे त्याला कोणीही विचारले नव्हते.

मी वाद घातला नाही. बाबांच्या टेबलावर कर्जाची प्रकरणे कशी येतात हे मी लहानपणापासून पाहत आले होते, म्हणून एक फुलस्केप कागद घेतला आणि त्यांच्या बँकेच्या अर्जात असतात तसे रकाने आखले: रकमेचे कारण, एकूण रक्कम, स्वतःचा वाटा, खरेदीचे कोटेशन, चालू खर्च, तारण. स्वतःच्या वाट्यात भाऊबीज आणि वाढदिवसांचे पोस्टात साठलेले पैसे लिहिले. कोटेशने दोन मागवली होती, एक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातले आणि एक कोल्हापुरातले. तारणाच्या रकान्यात ‘कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत राहील, माझ्या खोलीत नेणार नाही’ असे लिहिले. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: खेळण्यासाठी.

बाबांनी तो कागद बँकेतला कागद वाचावा तसाच वाचला. हातात लाल पेन होते, एकेका रकान्याशी ते बारीक खूण करत जात होते, आणि कारणाच्या रकान्यावर पेन थांबले. आईने विचारले, “खेळण्यासाठी? एवढंच?” मी हो म्हणाले. काका हसले. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांची सगळी नोकरी म्हशीसाठी कर्ज काढून लग्न उरकणाऱ्या आणि विहिरीसाठी काढून जुनी उसनवारी फेडणाऱ्या माणसांच्या वसुलीत चालली होती. ते म्हणाले, “निदान कारण तरी खरं लिहिलंय. कारण खरं असेल तर पुढचं बोलता येतं.” त्या क्षणी मंजुरी मिळाली असे नाही, पण बोलणे ‘द्यायचा की नाही’ यावरून ‘कोणत्या अटींवर’ यावर आले, आणि तुम्हालाही तेच साधायचे आहे.

पुढचा आठवडा विजेच्या बिलावर गेला. आमचा वापर उन्हाळा सोडला तर महिन्याला शंभर युनिटच्या आत असे. काकांचे म्हणणे होते की शंभराच्या वर एक युनिट गेले तरी सगळ्या बिलाला वरचा दर लागतो. हा गैरसमज आजही घरोघरी आहे. महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १०० आणि १०१ ते ३०० असे टप्पे असतात, दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्यापेक्षा बराच जास्त असतो हेही खरे, पण तो दर शंभराच्या वरच्या युनिटांनाच लागतो. पहिली शंभर युनिट जुन्याच दराने आकारली जातात. मी बिल उलटून त्यावरचा तक्ता दाखवला आणि आकडेमोड करून दिली. कॉम्प्युटर आल्यावर बाबांनी आणखी एक खात्री करून घेतली. आमच्या मीटरवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ असे छापलेले होते, म्हणजे मीटरवरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातले फ्रिजसह सगळे बंद करून मी आत गेम चालू ठेवली आणि बाबा घड्याळ घेऊन मीटरसमोर उभे राहिले. मिनिटाला बारा-तेरा वेळा दिवा लुकलुकत होता. तासाला सव्वासातशे ते पावणेआठशे, म्हणजे जवळपास पाव युनिट. रोज दोन तास खेळले तरी महिन्याला पंधरा युनिट. त्या दिवसानंतर विजेच्या बिलाचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. तुमच्या कॉम्प्युटरला कदाचित थोडी अधिक वीज लागेल, कारण आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक कार्ड एकटेच १७० वॉटपर्यंत जाते, मात्र आरटीएक्स ४०६० ची मर्यादा ११५ वॉट आहे. कार्ड निवडताना हा आकडा बाबांना दाखवा. किमतीपेक्षा तो त्यांना लवकर पटेल.

आईची अट वेगळी होती. पहिल्या सत्रात नव्वद टक्के आण, मग घेऊ, असे ती म्हणत होती. ही अट मी मान्य केली नाही आणि तुम्हीही करू नये, असे माझे ठाम मत आहे. टक्के पूर्णपणे आपल्या हातात नसतात, पण तास असतात. मी तासांचा शब्द दिला: कॉलेजच्या दिवसांत दीड तास, रविवारी तीन तास, रात्री दहानंतर बंद. बारावीच्या वर्षी दिवाळी झाल्यावर कॅबिनेटची पॉवर केबल मीच काढून आईच्या कपाटात ठेवायला दिली. मॉनिटरची केबलही तशीच असते आणि तीच कॅबिनेटला लावता येते, म्हणून तीही दिली. आईला हे ठाऊक नव्हते, मी सांगितले नसते तर तिला कळलेही नसते, आणि म्हणूनच त्यानंतर तिने माझ्या पाठीमागे येऊन पडद्यावर काय चालले आहे ते पाहणे सोडून दिले.

आता काकांच्या ‘दोन वर्षांत भंगार’ या मुद्द्याविषयी, कारण आमच्या कुटुंबात तो आजही निकाली निघालेला नाही. आम्ही २०१८ च्या दिवाळीच्या सुमारास कोल्हापुरातून सुटे भाग घेऊन मशीन जोडून घेतले. लॅमिंग्टन रोडपेक्षा ते थोडे महाग पडले, पण काही बिघडले तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल, हा बाबांचा विचार योग्य होता. प्रोसेसर रायझन ५ २६००, मदरबोर्ड (बाकीचे भाग ज्यावर बसतात तो) बी४५०, ग्राफिक कार्ड जीटीएक्स १०६०. त्याच हिवाळ्यात काकांनी चुलत भावासाठी एका नामवंत कंपनीचा तयार, देखणा, सडपातळ कॅबिनेटचा कॉम्प्युटर ‘अभ्यासासाठी’ घेतला. पुढे भावाला खेळावेसे वाटलेच, तेव्हा कळले की त्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे ग्राफिक कार्ड बसत नाही, आतला एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) अगदी लहान आहे, आणि त्याचा कनेक्टर कंपनीचा स्वतःचा असल्याने बाजारातला दुसरा एसएमपीएसही जोडता येत नाही. माझ्या बोर्डावर मात्र २०२२ मध्ये बायोस (बोर्डातले अंगभूत सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० हा नवा प्रोसेसर बसला. बोर्ड तोच, कॅबिनेट तेच, एसएमपीएस तोच, रॅमही तीच. त्याच मशीनवर माझे भाऊ-बहीण सुट्टीत आजही खेळतात. काका याला नशीब म्हणतात. प्रोसेसर बसतो ते सॉकेट कोणते, एसएमपीएस किती वॉटचा, पुढे काय बदलता येईल, हे पाहून घेतलेल्या वस्तूला मी नशीब म्हणू शकत नाही. रायझन बनवणारी एएमडी कंपनी एएम४ हे सॉकेट पुढच्या पिढ्यांतही चालवणार आहे, हे माहीत असल्यामुळेच मी तो बोर्ड निवडला होता.

‘लॅपटॉपच घे’ या सल्ल्यालाही माझा विरोध आहे. बहुतेक गेमिंग लॅपटॉपचे ग्राफिक कार्ड मदरबोर्डवर पक्के जोडलेले असते, ते बदलता येत नाही, आणि त्याच पैशात डेस्कटॉप अधिक काम देतो. आई-बाबांच्या दृष्टीने तर डेस्कटॉपच अधिक सोयीचा आहे, कारण तो पांघरुणात नेता येत नाही. बाहेरच्या खोलीत ठेवलेला कॉम्प्युटर घरातल्या सगळ्यांना दिसतो. ही गोष्ट तुमच्या बाबतीत अडचण नसून सर्वात मोठा आधार आहे, आणि ती तुम्ही आपणहून सुचवली तर तिचे वजन अधिक पडते.

तुमच्या सत्तर हजारांबद्दल थोडक्यात सांगते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, त्यामुळे जुन्या व्हिडिओतल्या किमतींवर विसंबू नका, चालू तारखेचे कोटेशन घ्या आणि त्यात अठरा टक्के जीएसटी धरलेला आहे ना, ते पाहा. एवढी रक्कम एकदम निघत नसेल तर ग्राफिक्स अंगभूत असलेला प्रोसेसर घेऊन सुरुवात करता येते आणि कार्ड पुढच्या वर्षी घालता येते, मात्र एसएमपीएस पहिल्याच वेळी चांगला घ्यावा. लोडशेडिंगसाठी ६०० व्हीएचा स्वस्त यूपीएस पुरत नाही. तो साधारण ३६० वॉटच देतो, १००० व्हीएच्या पुढचा पाहावा. बिल पक्के घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी दारोदार फिरावे लागते.

आणखी एक भीती आई-बाबा बोलून दाखवत नाहीत, ती पैशांच्या खेळांची. रमीच्या जाहिरातींनी आपल्याकडे ‘ऑनलाइन गेम’ म्हणजे जुगार अशी समजूत करून दिली आहे. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे आणि ई-स्पोर्ट्‌सना (व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना) त्यांपासून वेगळे ठेवले आहे, हे त्यांना समजावून सांगा. त्याचबरोबर खेळातल्या स्किन (पात्राचे रूप बदलणारे पोशाख) वगैरे खरेदीसाठी बाबांचे कार्ड वा यूपीआय कॉम्प्युटरवर कधीही जोडणार नाही, हेही कागदावर लिहा. ई-स्पोर्ट्‌समध्ये करिअर करेन, असे मात्र लिहू नका. मी आज एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करते आणि त्या कॉम्प्युटरचा माझ्या नोकरीशी काडीचाही संबंध नाही. मी त्यावर खेळले, मला आनंद मिळाला, आणि साठ हजार रुपये त्यासाठीच खर्च झाले होते. मुलांच्या बॅटला आणि कॅरम बोर्डाला जे कारण पुरते ते कॉम्प्युटरलाही पुरावे, आणि मुलीच्या बाबतीतही पुरावे, हे मी काकांना अनेकदा सांगितले आहे आणि पुढेही सांगत राहीन.

दोन गोष्टी राहिल्या. घरावर कर्जाचे हप्ते थकले असतील किंवा कोणाच्या आजारपणाचा खर्च चालू असेल, तर यंदा हा विषय काढू नका. आणि मोबाइलवरचा खेळच जर आवरत नसेल, झोप आणि शाळा त्यापायी बुडत असेल, तर आई-बाबांचा नकार योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्याआधी खेळ येणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही त्याची लक्षणे आहेत, आणि निदानासाठी साधारण बारा महिन्यांचा काळ पाहिला जातो. ही लक्षणे आईसोबत बसून वाचा. त्यांतले काही तुमच्याबाबत खरे आहे का, हे तिलाच विचारा. ती ‘नाही’ म्हणाली, तर त्याच बैठकीत तासांचे वेळापत्रक पुढे ठेवा आणि कोटेशन आणायला बाबांना दुकानात बरोबर न्या, म्हणजे त्यांना हवे ते प्रश्न दुकानदाराला त्यांनी स्वतः विचारावेत.